पोच मागणारे मिलिंदराव

आमचे शेजारी मिलिंदराव सोनकांबळे पोच मिळाल्याखेरीज कोणतीही गोष्ट झाली असे मानत नाहीत. सकाळी फाटकापाशी "नमस्कार, गुरुजी" म्हणतात आणि माझा प्रतिनमस्कार होईपर्यंत जागचे हलत नाहीत. एकदा माझे मौनव्रत होते, तर त्यांचा ऑटो निघून गेला. उमरीच्या पाहुण्यांना डबा धाडला, की डबा, झाकण आणि लोणच्याची पुडी या तिन्हींसाठी वेगळे फोन. "पोचलं का?"

माझी संध्या आटोपल्यावर एकदा त्यांनी हळूच विचारले, "पोचलं का, गुरुजी?"

"तिथून पोच येत नसते, मिलिंदराव."

"अन् तरी तुम्ही असे निवांत?" ते खरोखर हळहळले.

नांदेडच्या एका खासगी रुग्णालयाचे संगणकजाळे ते सांभाळतात. लातूरच्या शाखेतील रुग्णांच्या हृदयाचा आलेख इथल्या डॉक्टरांना सलग दिसावा, अशी नवी व्यवस्था त्यांच्यावर सोपवली होती. ती सुरू व्हायच्या दिवशी ते सकाळीच आले. चेहरा पांढराफटक.

"गुरुजी, जरा माझ्याजवळ येऊन बसता का? अण्णा लातूरलाच ॲडमिट हायत."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. मुखेडकडची शेती सोडून मुलाने नोकरी धरली, तेव्हापासून ते मुलाचा फोन घेत नाहीत. उशाशी मिलिंदरावांची बहीण होती. आलेख सलग पाहिल्यावाचून औषध बदलायला इथले डॉक्टर तयार नव्हते.

आम्ही रुग्णालयातल्या यंत्रांच्या खोलीत गेलो, तेव्हा पडदा कोरा होता. फोनवर लातूरचा त्यांचा सहकारी वसीम सांगत होता, "साब, इधर से तो जारा. उधर कुछ दिखरा क्या?"

"कायबी न्हाई!" मिलिंदरावांनी पडद्याकडे बोट दाखवले. "मशीन तक्रार पण करून न्हाई राहिलं, गुरुजी. गपचिप गायब!"

त्यांचे मन स्थिरावे म्हणून मी म्हटले, "संदेश जातो कसा, ते मला समजावून सांगा."

त्यांनी सांगितले ते असे. प्रत्येक संदेशावर तो कोणत्या विभागाचा हे सांगणारी खूण असते. तिला टॅग म्हणतात. लातूरहून निघताना त्यावर क्रमांक असलेले आणखी एक वेष्टण चढते. ती खूण आत ठेवावी की काढावी, याविषयी दोन्ही टोकांचे एकमत हवे.

"म्हणजे संकल्पातील गोत्रोच्चारासारखे."

"घ्या! आम्ही सोडून दिलं, ते मशीननं धरलं!" तशा धास्तीतही ते हसले, आणि हसता हसता थबकले. "वसीम, टॅग आत ठेवूनच पाठवून राहिला ना?"

"आपीच बोले थे साब. रस्ते में कुछ गिरना नै बोलके."

त्यांनी कपाळावर हात मारला. काही हरवू नये म्हणून त्यांनीच खूण आत ठेवायला लावली होती. इथले यंत्र मात्र वेष्टण उघडताच आत खूण दिसली, की तो संदेश निमूटपणे टाकून देत होते. इतक्या काळजीचे हे फळ!

"काढ तो टॅग तिकडंच! वेष्टणावरचा नंबर बघून मी इथं लावतो."

थोड्या वेळाने कोऱ्या पडद्यावर हिरवी रेघ उठली, वाकली, पुन्हा उठली. मी मनोमन हात जोडले. डॉक्टर आले, रेघ न्याहाळली, आणि लातूरला फोन करून त्यांनी औषध बदलायला सांगितले. दुपारपर्यंत रेघेचे अडखळणे कमी झाले.

बहिणीचा फोन आला. "दादा, अण्णांना सांगू का, तू बघून राहिलास म्हणून?"

"येडी का तू? कळलं तर वायरी उपटून फेकतील."

मी उठलो. "चला, मिलिंदराव, आता दोन घास खाऊन घ्या."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"तुम्ही व्हा पुढं, गुरुजी," ते म्हणाले. "लई वर्सांनी अण्णांजवळ बसून राहिलो."