वझलवार काका आणि ड्रॅगनची नखं

अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावात एका नूडल्सवाल्याकडे आम्ही जेवत होतो आणि आमचे शेजारी वझलवार काका अचानक खुर्चीवर चढले. भिंतीवर व्हिएतनामच्या एका जुन्या बादशहाचं चित्र होतं. काकांनी त्याच्या झग्यावरच्या ड्रॅगनच्या पंजाला जवळजवळ नाक लावलं आणि मॅनेजरला बोलावून झापलं. बादशहाच्या ड्रॅगनला पाच नखं असतात, इथे चारच आहेत. चार नखांचा राजपुत्राचा. म्हणजे तुम्ही बादशहाची पायरी उतरवली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात माझा नवरा बोलून गेला, "पण चायनीज ड्रेस मस्त आहे."

"कोण म्हणून राह्यलं चायनीज? नखं मोजा आधी."

काका मूळचे नागपूरचे, तेल कंपनीतून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. एकुलती एक गार्गी वीस मिनिटांवर राहते. तिने व्हिएतनामी मुलाशी लग्न केलं आणि लग्नाच्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. नात वर्षाची होत आली, पण काकांनी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. मला गार्गीचा भयंकर राग यायचा. बाप तिच्या सासरच्या राजेशाही कपड्यांसाठी गावभर भांडत फिरतो आणि हिला साधा फोन उचलवत नाही?

या उन्हाळ्यात तर काकांनी कहर केला. व्हिडिओ बघून भरतकाम शिकले. जेवायच्या टेबलावर लाकडी चौकट ठोकली आणि नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी हातभर झगा भरायला घेतला. पूर्वी व्हिएतनामच्या राजघराण्यातल्या बायका घालत तसा, चौकोनी गळ्याचा, छातीवर गोलात पिसारा फुलवलेला राजपक्षी. आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नव्हतं या माणसाने. दहातल्या चार बोटांना पट्ट्या. पक्षी तीनदा उसवला. "कावळा दिसून राह्यला," म्हणायचे.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी झगा घेऊन ते आमच्याकडे आले. "तू नेऊन दे. माझं नाव नको सांगू."

माझं डोकंच फिरलं. "का म्हणून? चूक तिची आणि लपायचं तुम्ही?"

काका सोफ्यावर बसले. "चूक माझी हाय," म्हणाले.

लग्नात गार्गीने असाच झगा घातला होता. तिच्या सासूने वर्षभर खपून स्वतः भरलेला. तिला बघून काका शेजारच्या पाहुण्याला चांगलं मोठ्याने म्हणाले होते, "चायनीज हॉटेलचा पडदा गुंडाळून आली काय हे?" परक्या माणसांत मराठी बोललं की कुणाला कळत नाही, ही आपली सगळ्यांचीच समजूत. पण सासऱ्यांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून जावई वर्षभर मराठी शिकला होता. त्याच्या आईने विचारलं, काय म्हणाले ते? त्याला खोटं सांगता आलं नाही.

आता मला काकांचाच संताप आला. तीन वर्षं मी त्या पोरीला नावं ठेवत होते आणि हे गप्प बसून ऐकत होते. मी किल्ली उचलली. "गाडीत बसा. स्वतः द्यायचा."

दार गार्गीच्या सासूबाईंनी उघडलं. त्यांनी झगा घेतला, पण सुलट बाजू पाहिलीच नाही. उलटा केला आणि मागची एकेक गाठ तपासली. एक दोरा ओढला, तो सरकन सुटला. बाई आत गेल्या. आता दार लागतं, असं मला वाटलं. पण त्या सुई घेऊन आल्या, काकांना पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी टेकल्या आणि तेवढी गाठ पुन्हा मारायची खूण केली. काका मान खाली घालून कामाला लागले.

"हू इज इट?" वरून गार्गीने विचारलं.

काकांचा हात थांबला. जावई दारात येऊन उभा होता. "तुझे बाबा आले," तो मराठीत म्हणाला.

मग जिन्यावर पावलं वाजायला लागली आणि काकांना रडू फुटलं. सासूबाईंनी त्यांच्या हातातला झगा चटकन ओढून घेतला. रेशमावर पाण्याचे डाग पडतात.