आफ्रिकेचा मासा

माणसानं एखादा नाद लावून घ्यावा, पण तो बायकोला सांगू नये, एवढं मी एकदा ठरवलं आणि तिथंच माझं चुकलं.

नाद म्हणाल तर अगदी बारका. एकाच माशाची तिकिटं आणि नाणी जमवायची. (लोक अख्ख्या जगाची जमवतात. मी सरकारी कारकून, माझी झेप एका माशापर्यंत.) माशाचं नाव सीलकँथ. आमच्या हेडक्लार्कनी ते श्रीकांत असं ऐकलं आणि बरेच दिवस मला श्रीकांतची तब्येत विचारत राहिले. तर हा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला, असं शास्त्रज्ञांनी नक्की करून टाकलं होतं. दगडातले ठसे तेवढे उरलेले. आणि एकोणीसशे अडतीस साली आफ्रिकेच्या किनाऱ्याला हा पठ्ठ्या जाळ्यात सापडला. ताजा! गेला नव्हता कुठंच. खाली आपल्या जागी होता, कुणी बघितलंच नव्हतं. हे वाचून मला लई बरं वाटलं. बढतीच्या वेळी आपल्याकडंही कुणी बघत नाही, पण म्हणून आपण नसतो थोडंच?

घरी सांगायची सोय नव्हती. आमची ही माळकरी. मासळीबाजाराच्या अंगाला रिक्षा वळली तरी नाकाला पदर. तिच्यापुढं लग्नापासून मी ‘मासा’ हा शब्द काढला नव्हता. माझा अल्बम कचेरीत, जुन्या फायलींच्या मागं. (तिथं कुणाचा हात जात नाही, साहेबांचा तर नाहीच.)

शहागंजात घड्याळं दुरुस्त करणारा नूरमोहम्मद माझा दोस्त. त्याचा साडू जहाजावर. आफ्रिकेजवळच्या कोमोरो बेटांवर ह्या माशाचं पाच फ्रँकचं नाणं निघालं होतं, ते आणवून दे म्हणून मी नूरभाईचं डोकं खात होतो. शेवटी ते आलं. आणि ही खुशखबर द्यायला भाईनं कचेरी सोडून माझं घर गाठलं!

“वहिनी, काकासाहेबांला सांगा, मासा आला. पाचाचा हाय. लई मागं लागले होते माझ्या.”

एवढं बोलून तो गेला.

संध्याकाळी घरी आलो तर समोर सांजा. साजूक तुपातला. सण नाही, वार नाही.

“नूरभाई येऊन गेले,” ही म्हणाली. “मासा आला म्हणले.”

आता काही खरं नाही, म्हणून मी मान खाली घातली. पण ही हसत होती.

“तुला राग नाही आला?”

“राग कशाचा? उशिरा का व्हईना, सुचलं तर खरं तुमाला.”

“मला वाटलं, माळ असताना चालणार नाही तुला.”

“न चालायला काय झालं? माळंच्या खाली बसंल की.”

(हे मला कळलं नाही. पण बायको राजी असताना जास्त खोलात जाऊ नये.)

“लई लांबून आलाय,” मी धीर करून म्हणालो. “आफ्रिकेहून.”

“तिकडचाच चोख असतो म्हणत्यात. खरंच पाच?”

“पाचच! मी सांगूनच ठेवलं होतं.”

“मग उद्या आणा. चितेगावहून बाईंला बोलावते. त्यांनी बी बघू दे.”

बाई म्हणजे भागूबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको. मला अगदी भरून आलं. एवढ्या समजूतदार बायकोला आपण उगाच भीत होतो, ह्याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, शेजारच्या दोघी आल्या. हिनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. मी कागदाची पुडी उघडली आणि नाणं हिच्या तळहातावर ठेवलं. ॲल्युमिनियमचं, आपल्या दहा पैशांसारखं हलकं. हिनं वजन झेलायला हात पुढं केला होता, हातात वजन काही पडलं नाही.

“भाऊजी, हे काय?” वहिनींनी विचारलं.

“मासा!” मी म्हणालो. “हे बघा कल्ले. हे शेपूट.”

“अवो, बारा माशांचा एक तोळा, तो मासा! पाच मासे सोनं आणताय म्हणून मला बोलावलं न् हिनं!”

आमच्या हिच्या लेखी मासा म्हणजे तेवढाच. दुसरा मासा तिच्या घरात कधी नव्हताच. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ती तिघींदेखत म्हणाली, “मला ठावं होतं. बाईंची गंमत केली.” आणि चहा टाकायला आत गेली.

मी मागोमाग गेलो. “सोनं पाहिजे म्हणून सांगायचं तरी.”

“मागून घ्यायचं असतं व्हय?” तिनं स्टोला जोरात पंप मारला. “समुद्राच्या तळचा मासा दिसला तुमाला. मी रोज म्होरं ताट वाढते.”

खरंच लाज वाटली.

अल्बम विकून टाकावा म्हणून मी शहागंजात गेलो. नूरभाई म्हणाला, “काकासाहेब, अख्ख्या औरंगाबादेत ह्या मछलीला एकच गिऱ्हाईक होतं. तेच इकायला आलं, आता मी कुणाला इकू?” शेवटी सणाचा ॲडव्हान्स काढून सराफ्यात शिरलो. काउंटरवर एक कोवळा पोरगा. मी जुन्या जाणत्याच्या ऐटीत म्हणालो, “एक मासा द्या.”

“बारका का मोठा?”

“मासा तो मासा! त्यात बारका-मोठा कसला?”

“एक ग्रॅममध्ये बसवतो.”

“बरोब्बर!” मी म्हणालो. (पोरगा हुशार वाटला.) त्यानं गुलाबी कागदात बांधून दिलं. मी घाईघाईनं घर गाठलं.

हिनं कागद उघडला. आत सोन्याचा मासा. कल्ल्यांसकट. डोळ्याच्या जागी लाल खडा.

ही माशाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. आणि अशी हसत सुटली की खाली बसली. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, “चपला घाला.”

सराफाकडं जाऊन तिनं मासा टाकला आणि त्याच वजनाची कानातली दोन फुलं निवडली. कोट्यवधी वर्षं समुद्र ज्याचं काही वाकडं करू शकला नाही, तो मासा आमच्या हिनं पंधरा मिनिटांत नामशेष केला. पोरानं तो तोलून मोडीच्या डब्यात टाकला. घडणावळ मी दोनदा भरली.

“कशी दिसत्यात?” हिनं फुलं घालून विचारलं.

“कल्ले फार सुबक होते गं,” मी डब्याकडं बघत म्हणालो.

“अवो,” ती म्हणाली, “मी हिकडं हाय.”