गडूभर हिमालय

"आईला हिमालय दाखवणार म्हणजे दाखवणार! आणि तोही रुवीपासून चार तासांवर!"

मस्कतमधल्या रुवी भागातल्या आपल्या घरात तानाजीने ही घोषणा केली तेव्हा त्याच्या अंगात बनियन होतं, हातात चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर असं तेज होतं, जणू हिमालयाच्या सातबाऱ्यावर त्याचंच नाव चढलंय! समोर पेपर उघडा होता. पहिल्याच पानावर जबल शम्सचा फोटो. ओमानातला सगळ्यात उंच डोंगर, आणि त्याच्या डोक्यावर पांढरा शिडकावा. ज्या मुलखात दगडालाही घाम फुटतो, तिथे चक्क बर्फ पडला होता!

"पप्पा, बट दॅट इज नॉट हिमालया," यशश्री म्हणाली. ही तानाजीची मुलगी. मराठी ती घरात आलेल्या पाहुण्यासारखी वागवायची, जपून आणि थोडा वेळच.

"बर्फ तो बर्फ! त्याला काय पासपोर्ट असतो?"

"मग केदारनाथचं काय झालं?" स्वयंपाकघरातून मंगलाने विचारलं. बायकोचे प्रश्न नेहमी स्वयंपाकघरातून येतात. तिथे फोडणीचा आवाज असतो, म्हणून उत्तर दिलं नाही तरी चालतं. तानाजीने दिलं नाही.

केदारनाथचं काय झालं ते आपण ऐकू. रखमाबाई, म्हणजे तानाजीची आई, दाभोळच्या खाडीकाठची. अख्खं गाव मासळीवर जगणारं, पण हिच्या गळ्यात तुळशीची माळ आणि कानात कीर्तन. गावच्या उत्सवाला बुवा यायचे. हिमालय चढताना बर्फात एकेक जण गळून पडतो आणि शेवटी एकटा पुण्यवान आणि त्याच्यामागून चालणारं कुत्रं उरतं, हे आख्यान ते असं रंगवायचे, की विचारू नका! बुवांनी नुसतं उपरणं झटकलं, की चैत्रातल्या उकाड्यात मंडळी पदर आवळून बसायची. रखमाबाईंनी बर्फ कधी पाहिला नव्हता, पण ऐकला होता भरपूर!

तानाजी पहिल्यांदा आखाताच्या विमानात बसायला निघाला, तेव्हा देवळाच्या पायरीवर उभं राहून म्हणाला होता, "आई, पहिल्या सुट्टीला तुला केदारनाथला नेतो. बर्फाला हात लावून ये." पहिल्या सुट्टीत घराचं छप्पर निघालं. दुसरीत बहिणीचं लग्न. तिसरीत विहीर. पुढच्या सुट्ट्या कशात गेल्या, ते त्या सुट्ट्यांनाही आठवत नसेल. केदारनाथ जागच्या जागी राहिला. आईचे गुडघे मात्र गेले.

आता ती व्हिजिट व्हिसावर मस्कतला आली होती. रविवारचं परतीचं विमान होतं, आणि "मी काय आता परत येत नाही हो," हे ती रोज चहाबरोबर सांगायची. मध्ये एकच शुक्रवार होता. सुट्टीचा. आणि त्याच दिवशी महाशिवरात्र! शंकराचा दिवस, शंकराचा बर्फ! तानाजीने गुरुवारी दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. डोंगराच्या पायथ्याला, अल हमराला रस्त्याच्या कामावर असलेला ओमप्रकाश बोलत होता. "भाईसाब, बरफ? कौन सी बरफ? कल ही धूप निकली. खलास!"

तानाजीने फोन ठेवला. खालच्या मजल्यावरची मंडळी कॅमेऱ्याचा रोल द्यायला आली होती. आई देव्हाऱ्यासमोर उद्याच्या उपासाचे साबुदाणे निवडत गुणगुणत होती. आता तिला काय सांगायचं? हिमालयाची पण सुट्टी कॅन्सल झाली?

पण तानाजी साधासुधा माणूस नव्हता. तो रेफ्रिजरेशन मेकॅनिक होता! रुसैलच्या मासळी पॅक करणाऱ्या कारखान्यात दिवसभर बर्फच बनवायचा. दगडी लादी नव्हे, भुरभुरीत, पांढराशुभ्र, पोह्यांसारखा बर्फ! त्याने तडक युस्टेसला गाठलं. युस्टेस वसईचा, त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. त्याच्याकडे दोन मौल्यवान गोष्टी होत्या. कोल्ड स्टोरेजची चावी आणि फोर-व्हील गाडी.

"अरे बाबा, मशीन धुवायला काढलंय ना," युस्टेस म्हणाला. "ताजा बर्फ नाय. खोक्यातला आहे तो चालेल? वरचा वर काढतो. खाली सुरमई आहे, तिला धक्का नाय लावत."

"वास?"

"वास कसला? थंड वस्तूला वास नसतो!"

शुक्रवारी पहाटे गाडी निघाली. मागे घोंगडीखाली थर्माकोलची दोन खोकी. "कोल्ड्रिंक आहेत," तानाजीने सांगितलं. मंगलाने घोंगडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली. लग्नाला बरीच वर्षं झाली, की बायका असं बाहेर पाहायला शिकतात.

निझवा शहर मागे पडलं आणि रखमाबाईंनी पिशवीतून तांब्याचा गडू काढला. घासून लख्ख केलेला.

"हे काय गं आई?"

"बर्फ घेणार ह्यात. आज शिवरात्र. संध्याकाळी इथल्या देवळात शंकराच्या पिंडीवर घालीन. कैलासावरचा नसला म्हणून काय झालं, आकाशातनं पडलेला तर आहे!"

युस्टेसने असा ब्रेक मारला, की मंगलाचा केळ्यांचा घड पुढच्या काचेवर जाऊन आपटला!

"काय झालं?"

"शेळी," युस्टेस म्हणाला. रस्त्यावर शेळी काय, शेळीची सावलीसुद्धा नव्हती. मग तानाजीच्या कानाशी तोंड नेऊन तो पुटपुटला, "मी क्रिश्चन माणूस, पण मला घाम फुटला रे! देवाला माशाचं पाणी?"

"तू गाडी चालव. यल्ला!"

अल हमरानंतर डांबर संपलं आणि आख्यान सुरू झालं! खडीचा चढ, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पाताळ. पहिली पडली मंगला. वळणावळणांनी तिच्या पोटातलं सगळं ढवळून काढलं. "मला इथेच सोडा, येताना उचला," म्हणून ती एका दगडावर बसली ती बसलीच. दुसरा पडला टायर. त्याच्यासोबत युस्टेस, जॅक आणि वसईतल्या निवडक शिव्या. तिसरी यशश्री. तिच्या बुटात खडे गेले. "आय अ‍ॅम नॉट वॉकिंग! आजी, तू पण नको जाऊ ना, तुझा गुडघा दुखेल!"

"दुखू दे," रखमाबाई म्हणाल्या. "दुखायलाच ठेवलाय."

"आई, तू सावकाश ये. मी पुढे जाऊन बर्फ कुठेय बघतो," म्हणत तानाजीने दोन्ही खोकी घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतली आणि धूम ठोकली. टेकाडाच्या पलीकडे एका खडकाची गार सावली होती. तिथे त्याने हिमालय ओतला. हाताने पसरला, थापला, एक छोटंसं शिखरही केलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. वा! पेपरवाल्यांनी पुन्हा फोटो काढावा असा!

"आई! लवकर ये! सापडला!"

आईच्या आधी शेळ्या आल्या. सगळ्या डोंगरावरच्या! माशाच्या खोक्यातला खारट बर्फ म्हणजे शेळ्यांना पंगतच की हो! जिभा बाहेर काढून त्या हिमालय चाटू लागल्या. शिखर तर एका बोकडाने एका घासात संपवलं. तानाजी "हुर्र! हट!" करत धावला, स्वतःच्याच हिमालयावरून घसरला आणि पाय मुरगळून शेळ्यांच्या मधोमध आडवा झाला. वरून शेळ्या त्याला हुंगत होत्या. एकीने शर्टाची बाही चाटली.

अशा अवस्थेत रखमाबाई पोचल्या. एका हातात गडू, दुसऱ्या हातात छत्रीची काठी, डोळ्यांत पाणी. त्या वाकल्या. चिमूटभर बर्फ उचलावा म्हणून हात पुढे केला. हात थांबला. नाकपुडी एकदा, दोनदा हलली. त्यांनी बर्फाकडे पाहिलं. शेळ्यांकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं.

"बरं," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात शेळ्यांचा मालक आला. रशीद नावाचा म्हातारा, मागे त्याची बायको, डोक्यावर विकायच्या लोकरी सतरंज्या. रशीदने बर्फ बोटाने उचलला, हुंगला आणि मोडक्या हिंदीत ओरडला, "या अल्ला! ये तो मच्छी का बरफ है! कौन लाया?"

"काय म्हणतो रे तो?" रखमाबाईंनी विचारलं.

"म्हणतो, भाग्यवान आहात!"

रशीद भाग्याचं आणखी बरंच बोलला. तानाजी पाय धरून विव्हळत त्याला थोपवत राहिला. इकडे रशीदच्या बायकोने रखमाबाईंच्या हातातला गडू पाहिला, आभाळाकडे बोट केलं, हसली आणि त्यांचा हात धरून टेकाडामागे घेऊन गेली. कहवा पाजायला नेलं असेल, तानाजीने मनाशी म्हटलं. बरं झालं, तेवढा पाय चोळता येईल. शेवटचा बोकड त्या दोघींच्या मागून गेला.

बऱ्याच वेळाने रखमाबाई परतल्या. गडूवर फडकं घट्ट बांधलेलं, चेहरा असा उजळलेला, की तानाजीला वाटलं, फसली! आई पुरती फसली! आणि मग त्याचं लक्ष गडूकडे गेलं. गडू भरला होता. आपण पायाकडे पाहत असताना तिने त्या मासळीच्या बर्फानेच भरला होता!

परतीच्या वाटेवर रखमाबाई गडू मांडीवर घेऊन नाम घेत होत्या. तानाजी मागे पाय पसरून पापाचा हिशेब करत होता. फसवणूक माफ होईल. पण शिवरात्रीला पिंडीवर सुरमईचं पाणी? निझवाच्या पेट्रोल पंपावर आई गडू सीटवर ठेवून हात-पाय धुवायला उतरली आणि तानाजीने संधी साधली. लंगडत खजुराच्या झाडामागे गेला, एका हाताने नाक गच्च दाबलं, दुसऱ्याने गडू उपडा केला. बर्फाचा लगदा पडला, त्यात कसली तरी हिरवी काडी. शेळीच्या तोंडातली असणार, शी! मिनरल वॉटरची बाटली गडूत ओतली, फडकं होतं तसं बांधलं. देव वाचला, आई वाचली! आपणच शहाणे, असं म्हणत त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

संध्याकाळी मस्कतच्या देवळात ही गर्दी! रखमाबाई गाभाऱ्यापाशी पोचल्या, फडकं सोडलं आणि गडूत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागची मंडळी "चलो माताजी, चलो" करू लागली तेव्हा त्यांनी पाणी घातलं, हात जोडले आणि बाहेर आल्या.

"तानू, गडूत फांदी होती. कुठेय?"

तानाजीला वाटलं, आता सांगूनच टाकावं. केलंय ते धर्मासाठीच तर केलंय! "आई, रागवू नकोस. तो बर्फ फॅक्टरीतला होता. मासळीचा. तुझ्या हातून पाप नको म्हणून मी वाटेत ओतून दिला."

रखमाबाई देवळाच्या पायरीवर बसल्या.

"मासळीचा होता ते मला नको सांगूस. दाभोळात हयात गेली माझी. त्याला मी बोटसुद्धा लावलं नाही." त्यांनी रिकामा गडू मांडीवर घेतला. "ती बाई मला मागच्या कपारीत घेऊन गेली. ऊन पोचत नाही तिथे. होता रे खरा! पसाभरच होता, पण पांढरा. बुवा सांगायचे तस्सा. हात लावला तर भाजल्यासारखं झालं बघ. तिनेच भरून दिला. बेल नव्हता म्हणून झाडाची फांदी घातली."

मंगला नेहमीसारखं दुसरीकडे पाहायला गेली, पण या खेपेला तिचे डोळे भरले होते.

"मागल्या वर्षी गावच्या देवळातली मंडळी बस करून केदारनाथला गेली," रखमाबाई गडू पुसत म्हणाल्या. "मला जागा धरली होती. मीच म्हटलं, नको. माझा तानू नेणार आहे."

"आई, पुढच्या सुट्टीला... देवाशपथ!"

"नको रे बाबा," रखमाबाई उठल्या. गडू पिशवीत टाकला. "आज बर्फ आणलास. उद्या काशीला नेतो म्हणशील नि गंगा टँकरने आणशील!"

तानाजीने शरमेने मान खाली घातली. पण खरं ते सांगतो मंडळी, त्याही क्षणी त्याच्या मनात येऊन गेलंच, की रुसैलचा टँकरवाला बाबामियाँ आपल्या चांगला ओळखीचा आहे!