दंतवैद्याचे चिरंजीव

डॉक्टर घरात मास्क लावून जेवत. घास घ्यायचा झाला की मास्कची खालची कड डाव्या हाताच्या चिमटीत धरून उचलायची, घास आत सारायचा, कड सोडायची आणि मग चावायचं. पाण्यासाठी लांब नळी होती. ही कसरत चालू असताना त्यांच्या उजव्या खांद्यावर राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा आणि गालांवर नारिंगी टिकल्या असलेला एक कॉकाटील पक्षी डोळे अर्धे मिटून बसलेला असे. समोर बायको असे. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, त्यामुळे तिने आधी हसून घेतलं होतं आणि मग विचार करायला सुरुवात केली होती. पक्ष्याला मात्र या सगळ्यात काहीच वावगं वाटत नसे, कारण त्याच्या लेखी डॉक्टरांना तोंड नव्हतंच.

डॉक्टर दातांचे. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे बिऱ्हाड. माणूस सज्जन, हात हलका, पण दातांच्या डॉक्टरला पाहून आजवर कुणाला आनंद झालाय? रस्त्यात भेटलेली माणसं त्यांच्याकडे पाहून ओठ मिटून हसत. त्यातून त्यांना एक सवय होती. काम निम्म्यावर आलं, पेशंट कासावीस झाला, की ते हमखास म्हणत, "झालं, झालं." हे शब्द कानावर पडले की खुर्चीतला माणूस समजून जायचा की अजून बरंच बाकी आहे. डॉक्टरांच्या कुठल्याही शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला असता, या दोनांवर नाही.

पक्षी त्यांच्याकडे आला तो वरच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकूंकडे कॉकाटीलची जोडी होती. तिला दोन पिल्लं झाली, पण आईबापांनी सगळा जीव थोरल्यावर लावला आणि धाकटं उपाशी पडलं. काकू ते एका वाटीत कापसावर घालून तडक दवाखान्यात घेऊन आल्या. गुलाबी, उघडंबोडकं, डोळे मिटलेलं आणि मानेपेक्षा डोकं जड.

"काकू, मी दातांचा डॉक्टर," डॉक्टर म्हणाले. "याला तर दातच नाहीत."

"तोंड आहे ना? तोंडाचंच काम आहे," काकू म्हणाल्या, आणि वाटी ठेवून निघून गेल्या.

डॉक्टरांनी हात धुतले, टोपी घातली, मास्क बांधला, भिंगाचा चष्मा चढवला, हातमोजे घातले. पिल्लांसाठीची पूड कोमट पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरली. ती नळी चोचीशी नेली मात्र, ते एवढंसं डोकं लटपटत वर आलं आणि पिल्लाने होता नव्हता तेवढा जबडा उघडला. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. आजवर शेकड्यांनी तोंडं त्यांनी उघडायला लावली होती, समजावून, दटावून, क्वचित गाल दाबून. आपणहून, इतक्या आशेने त्यांच्यापुढे उघडलेलं हे पहिलंच तोंड होतं.

"आ कर… अजून थोडं… हां… झालं, झालं," ते सवयीने पुटपुटले. आणि यावेळी खरंच झालं होतं. गळ्याखालची पिशवी टम्म फुगली, डोकं कलंडलं आणि पिल्लू त्यांच्या तळव्यात झोपून गेलं. डॉक्टर बराच वेळ हात न हलवता उभे राहिले. बाहेर एक पेशंट दाढ धरून बसला होता, त्यालाही त्यांनी जरा थांबायला सांगितलं.

मग डॉक्टर दर दोन तासांनी भरवू लागले. रात्री गजर लावून उठत, आणि उठल्यावरही आधी टोपी, मास्क, भिंग, मोजे. बायकोने एकदा विचारलं की एवढ्याशा जिवासाठी हा थाट कशाला. डॉक्टर म्हणाले, तोंडाजवळचं काम आहे, मास्क लागतोच. काही दिवसांनी पिल्लाच्या पापण्यांना बारीक फट पडली. डॉक्टरांनी बायकोला हळूच हाक मारली आणि दोघं श्वास रोखून पाहत राहिले. फट रुंदावली, आत काळा मणी चमकला आणि तो मणी डॉक्टरांच्या मास्कवर स्थिर झाला. जगात आल्यावर कुणीतरी पहिल्यांदा पाहावं आणि ते आपल्याकडे, या विचाराने डॉक्टरांचा चष्मा आतून ओला झाला.

पिसं फुटली, तुरा आला, बाळसं धरलं. काकू त्याला 'चिरंजीव' म्हणू लागल्या आणि तेच नाव पडलं. तिकडे वर थोरलं पिल्लू आईबापांच्या चोचीतून खात होतं. काकू त्याला रोज घटकाभर तळहातावर घेत आणि परत ठेवत. ते शहाणं, शांत निघालं. हातावर यायचं, दाणा खायचं आणि आपल्या माणसांत, म्हणजे पक्ष्यांत, निघून जायचं. आपण पक्षी आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चिरंजीवांचा याबाबतीत मोठा गोंधळ होता. पंख फुटल्यावर डॉक्टरांनी त्याला घरात आणलं, टोपी-मास्क उतरवला, हसले आणि बोट पुढे केलं. चिरंजीवांनी तुरा पाडला, फुत्कार टाकला आणि बोटाचं रक्त काढलं. डॉक्टरांचा चेहरा पाहवेना. त्यांना वाटलं, हासुद्धा लोकांसारखाच निघाला.

बायको पट्टी बांधता बांधता म्हणाली, "अहो, त्याने तुमचं तोंड कधी पाहिलंय? डोळे उघडल्यापासून त्याला एक निळं, सपाट, दोन दोऱ्यांचं माणूस माहीत. तुम्ही आत्ता त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बापाची कातडी सोललीत."

डॉक्टरांनी मुकाट्याने मास्क लावला. चिरंजीव टुणकन खांद्यावर आले आणि कानाला चोच घासू लागले. एका जिवाचं अख्खं जग चार-सहा आठवड्यांत ठरतं आणि ते ठरवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, हे पाहून दोघं नवराबायको थक्क झाले. मग डॉक्टरांनी उपाय सुरू केले. रोज मास्क केसभर खाली सरकवून पाहिला. नाकाच्या शेंड्यापर्यंत चिरंजीवांनी चालवून घेतलं, नाकपुड्या दिसताच फुत्कार. बायकोच्या सांगण्यावरून मास्कवर तांबडे ओठ काढून पाहिले, तर चिरंजीवांनी वडिलांच्या तोंडाला लागलेली घाण समजून ते टोचून टोचून साफ केले. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि नळीने पाणी पिऊ लागले.

त्यात आणखी एक भानगड झाली. दवाखान्यात लहानाचं मोठं झालेलं लेकरू, ते दुसरं काय शिकणार? एक दिवस चिरंजीवांनी शीळ घातली आणि ती हुबेहूब दात कोरायच्या यंत्राची निघाली. तीच बारीक, चढत जाणारी, हाडात शिरणारी सुरावट. डॉक्टरांना कौतुकाने भरून आलं. बाहेर बसलेल्या पेशंटपैकी दोघे त्याच क्षणी बरे होऊन घरी गेले.

एका दुपारी अग्निशमन दलाचा एक जवान खुर्चीत होता. गडी सहा फुटी, जळत्या घरातून माणसं काढणारा, पण दवाखान्याच्या पायरीवरच त्याची पाचावर धारण बसली होती. डॉक्टरांनी सुई देऊन अर्धा जबडा बधिर केला, दाढ निम्मी कोरली, "झालं, झालं" म्हणाले, यंत्र ट्रेमध्ये ठेवलं आणि कापूस घ्यायला वळले. तेवढ्यात यंत्राचा आवाज सुरू झाला. जवानाने पाहिलं, यंत्र ट्रेमध्ये निपचित पडलेलं, डॉक्टरांचे हात रिकामे, आणि आवाज चढतोच आहे. तो उठला आणि पळत सुटला. घाईत बाहेरच्या दाराऐवजी आतल्या दारात शिरला, बैठकीतून, स्वयंपाकघरातून, मागचा दरवाजा सताड उघडून अंगणात. त्याच्या डोक्यावरून एक राखाडी पंखांची जोडी बाहेर गेली.

चिरंजीवांनी आभाळ प्रथमच पाहिलं, पण त्यांना आभाळाशी कर्तव्य नव्हतं. घराला एक चक्कर मारून ते रस्त्यावर आले. समोरच्या इमारतीला रंग द्यायचं काम चाललं होतं. जुना रंग खरवडताना धूळ उडते म्हणून बांबूच्या परांचीवरच्या झाडून साऱ्या रंगाऱ्यांनी तसलेच निळे मास्क लावले होते. एवढे बाप एकदम पाहून चिरंजीवांना काय वाटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. ते सरळ तिसऱ्या मजल्यावरच्या रंगाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसले आणि त्याच्या कानाला चोच घासू लागले. उंचीला न भिणारा तो रंगारी पाखराला मात्र भीत होता. हातात खरवडणी तशीच धरून तो पुतळा झाला.

डॉक्टर धावत रस्त्यावर आले. मास्कमधून ओरडता येईना म्हणून त्यांनी तो खाली ओढला आणि हाका मारू लागले. चिरंजीवांनी खाली पाहिलं, तो सोललेला चेहरा ओळखला आणि फुत्कार टाकून एक मजला वर गेले. डॉक्टरांनी घाईने मास्क वर घेतला, पण आता तिथे निळे चेहरे सात-आठ झाले होते आणि चिरंजीवांना घाई नव्हती. रस्त्यावर माणसं जमली. पक्षी कुणाचा, असं कुणी विचारलं. डॉक्टर म्हणाले, माझा. लोकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि विश्वास ठेवला नाही.

मग उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. कुणी जाळं आणा म्हणालं, कुणी पाणी मारा म्हणालं. कुणीतरी जवानाला ओळखलं आणि शिडीवर चढायला सांगितलं. तो गाल धरून म्हणाला, "चढायचं काही नाही हो. पण ते खाली आलं की डॉक्टर मोकळे होतील, आणि मला परत खुर्चीत बसवतील."

शेवटी काकूंच्या डोक्यातून कल्पना निघाली. पोरगं मास्ककडे येतं ना, मग सगळ्यांनीच मास्क लावले तर खाली येईल. बायको नको नको म्हणत होती, पण काकूंनी दवाखान्यातला खोका आणून वाटपही सुरू केलं. बघता बघता सगळा रस्ता निळा झाला. कल्पना अचूक ठरली. चिरंजीव खाली आले आणि पाववाल्याच्या डोक्यावरून शिक्षकांच्या खांद्यावर, तिथून इस्त्रीवाल्याच्या टोपीवर, असे घरभर फिरावं तसे फिरू लागले. कुणी हात उचलला की उडायचं आणि पुढच्या बापाकडे जायचं. डॉक्टरांच्याही डोक्यावर ते आले, घटकाभर बसले आणि गेले, जसे बाकीच्यांकडे बसत होते अगदी तसेच.

ते डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. रात्रीचे गजर, कोमट पाणी, तळव्यातली झोप, आणि शेवटी आपण कोण, तर गर्दीतला एक मास्क. ऊन कलत होतं. अंधार पडला की पाखरू कुठल्या फांदीवर बसेल आणि पहाटेपर्यंत मांजराच्या तावडीतून वाचेल का, हेही त्यांना कळत होतं. ते दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी हातमोजे काढले, मग मास्कही काढून टाकला. आता तो लावून उपयोग काय होता?

जवान येऊन शेजारी बसला. त्याची बधिरी उतरत आली होती आणि निम्मी कोरलेली दाढ ठणकायला लागली होती. "दुखतंय," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांचं लक्ष कुठेच नव्हतं, पण दुखतंय म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढे होई. "बघू," ते म्हणाले. "आ करा… अजून थोडं… हां… झालं, झालं."

इस्त्रीवाल्याच्या टोपीवर चिरंजीवांचा तुरा ताठ उभा राहिला.

त्यांनी मान वाकडी केली, क्षणभर ऐकलं आणि उडाले. सगळ्या निळ्या चेहऱ्यांवरून, कुठेही न थांबता, ते सरळ डॉक्टरांच्या मनगटावर येऊन बसले. डॉक्टर हलले नाहीत. चेहरा उघडा होता, मिशी होती, तोंड होतं, चावण्याजोगं सगळं होतं. चिरंजीवांनी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, मान लटपटवली आणि तान्हेपणी उघडत तशी चोच उघडली. रस्त्यावरच्या माणसांनी मास्क खाली ओढले. वरचा रंगारीसुद्धा मास्क काढून पाहत होता.

बायको डॉक्टरांशेजारी वाकून बसली. "अहो, मास्क त्याला डोळे उघडल्यावर दिसला," ती कुजबुजली. "हे त्याच्याही आधीचं आहे. तेव्हा त्याच्यासाठी जगात फक्त तुमचा आवाज आणि हेच शब्द होते."

डॉक्टरांनी दुसरा हात हळूच चिरंजीवांच्या पाठीवर ठेवला. हातमोज्याशिवाय त्यांनी ती पाठ प्रथमच हाताळली. ती इतकी उबदार असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. ज्या दोन शब्दांवर गावातल्या एकाही माणसाने कधी विश्वास ठेवला नाही, त्यांवर हा जीव डोळे मिटून विसंबला होता. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

जवान अजून आ करूनच बसला होता. त्याने तोंड मिटलं आणि विचारलं, "डॉक्टर, माझं खरंच झालं?"

डॉक्टरांच्या ओठावर सवयीचे शब्द आले. त्यांनी मनगटावरच्या पाखराकडे पाहिलं आणि ते गिळून टाकले.

"नाही," ते म्हणाले. "निम्मं राहिलंय. आणि थोडं दुखेल."

जवान उठला, कुणी न सांगता आत गेला, खुर्चीत बसला आणि त्याने आपणहून तोंड उघडलं.