शून्य म्हणजे शून्य

माझे साडू गजूभाऊ अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आले की चपला काढायच्या आधी फ्रीज उघडतात. पाण्यासाठी नाही. खिशातून एक स्टीलची डबी काढतात, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवतात आणि माझ्या बायकोला बजावतात, "वंदना, हिले हात नको लावजो. गारठ्यात कशी वागते ते पाहून राहिलो."

डबीत ॲम्प्लिफायर असतो. वरातीत वाजतो तो नव्हे. हा नखाएवढा, काळा, मुंगीसारखे पाय असलेला, विजेचा बारीकसा फरक मोठा करून सांगणारा. तासाभराने गजूभाऊ तीच डबी गच्चीवर नेऊन उन्हात ठेवतात. आमचं मे महिन्यातलं ऊन असं, की वंदनाच्या कुरडया सकाळी घातल्या की दुपारी डब्यात. गारठ्यात आणि उन्हात एकच उत्तर देणारा ॲम्प्लिफायर गजूभाऊंना हवा होता आणि तो निवडण्यात त्यांचं वर्ष गेलं. मी वंदनाला एका संध्याकाळी, कांदेपोह्यांची बशी संपायच्या आत पसंत केलं होतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. "तुले उन्हात ठेवून पाह्यलं असतं तिनं, तर हे लग्न झालं नसतं," गजूभाऊ म्हणाले. वंदना जरा जास्तच हसली.

गजूभाऊ पॉलिटेक्निकमध्ये मोजमापाची यंत्रं शिकवायचे. आता निवृत्त आहेत. मी शाळेत इतिहास शिकवतो. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी ते सगळं मलाच समजावतात, कारण मी उठून जात नाही.

हे सगळं सुरू झालं आमच्या सासुरवाडीच्या पंपापासून. दर्यापूरजवळ शेतातच दोन खोल्या बांधून सासूबाई एकट्या राहतात. मोठी मुलगी सुमनताई, म्हणजे गजूभाऊंची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आम्ही सासूबाईंना घरी बोलावतो आणि त्या येत नाहीत. मोबाईल पिठाच्या डब्यावर पडलेला असतो. लागोपाठ दोन दिवस फोन केला तर म्हणतात, "मी आहो का गेलो, हेच पाहून राहिले ना तुमी?" आम्ही खरोखर तेच पाहत असतो. एखाद्या सकाळी म्हातारी पडली तर कुणाला कळणार, हा आमच्या घरात रोजच्या चहाबरोबरचा विषय.

या विषयावर गजूभाऊ कधी चकार शब्द काढत नसत. वंदना डोळे पुसायची आणि ते म्हणायचे, "त्या सोलर पंपाचा करंट मोजाले पाह्यजे." तिला राग यायचा. मलाही यायचा, पण मला समजावून घ्यावं लागायचं.

"हे पाय सुधाकर," ते सांगायचे. "पॅनलच्या तारेत पाच-सहाशे व्होल्ट आहेत. अन् मले मोजायचा आहे तारेतल्या एका पट्टीच्या दोन टोकांमधला फरक. थो किती? व्होल्टाचा हजारावा हिस्सा. पाण्याच्या टाकीवर दोन माणसं उभी आहेत. एक दुसऱ्यापेक्षा केसभर उंच. किती उंच ते सांग."

"टाकीवर चढून पाहीन."

"चढलास का मेलास. सहाशे व्होल्ट आहेत."

"मग खालूनच दोघांची उंची मोजून वजाबाकी करीन."

"बरोबर. अन् टेप बोटभर सरकला का उत्तर गेलं." एवढं बोलून ते आनंदाने मांडीवर थाप मारायचे. माझ्या मांडीवर.

पहिला ॲम्प्लिफायर सहाशे व्होल्ट पाहताच टप् आवाज करून गेला. गजूभाऊंनी त्याचा वास घेतला आणि "बिचारा" म्हणाले. दुसरा वजाबाकी करणारा होता. ऊन वाढून व्होल्ट वाढले की करंटही वाढला असं खोटंच सांगायचा. तिसरा जातिवंत. त्याच्या पोटातच भिंत: सहाशे व्होल्ट भिंतीपलीकडे राहतात, फक्त मोजलेला आकडा अलीकडे येतो. मी सुटकेचा श्वास सोडला. गजूभाऊंनी त्याला आमच्या फ्रीजमध्ये ठेवलं, त्याच्या तारा दाराच्या फटीतून बाहेर काढल्या आणि मीटरकडे पाहत बसले. तासाभराने त्यांचा चेहरा पडला.

"काही जोडलं नाही, तरी इवलासा करंट दाखवून राहिला हा."

"इवलासाच ना," मी म्हटलं. "पंप चालू की बंद एवढंच तर कळायचंय."

"शून्य म्हंजे शून्य पाह्यजे, बावा. बंद असून यानं चालू दाखवलं तर?"

"तर काय होईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तारा गुंडाळून खिशात टाकल्या आणि संध्याकाळच्या बसने अकोल्याला गेले.

चौथा पास झाला. त्या दिवशी गजूभाऊंनी आमच्या गल्लीत जिलबी वाटली. कुणाला नोकरी लागली का, असं शेजारी विचारत होते. यंत्र बसवायला आम्ही सगळे शेतावर गेलो. पॅनलवर उजाडलं की व्होल्ट झपाट्याने चढतात, करंट मात्र मुंगीएवढाच असतो. त्या झुंजुमुंजू उजेडात सासूबाई रोजच्यासारख्या उठल्या, पंपाचं बटण दाबलं, आणि गजूभाऊंच्या फोनवर एक बारीक रेघ शून्यावरून वर उठली. पंप फिरायला अजून अवकाश होता, पण रेघ उठली होती. मला काही कळलं नाही, तरी मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"हे कायचं खटलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पंपाची तब्येत कळते, आई," गजूभाऊ म्हणाले.

"पंपाची," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

पौषातल्या एका सकाळी माझा फोन वाजला. "सुधाकर, शून्य आहे."

"काय शून्य?"

"रेघ उठली नाही. आईनं बटन दाबलं नाही. मी निंगालो."

पांघरुणातच माझ्या डोक्यात उजेड पडला. फ्रीज, गच्ची, चार ॲम्प्लिफायर, सगळं एकदम. मी वंदनाला उठवलं आणि ती पिन न लावता पदर खोचून गाडीत बसली.

पोचलो तेव्हा गजूभाऊ उलटा स्वेटर घालून गोठ्यात बसले होते. त्यांच्या खांद्याला टेकून सासूबाई. गोठ्याच्या दारातल्या, दवाने ओल्या झालेल्या फरशीवर पाय घसरला होता, घोटा सुजून भोपळा. उठता येत नव्हतं, पण बोलता येत होतं.

"एवढ्या थंडीत कावून आले सगळे? मी काई मेलो नोतो."

वंदना रडत होती आणि हसत होती. दर्यापूरच्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं, पट्टी बांधली. दवाखान्यातून परत येताना गजूभाऊ म्हणाले, "तिसऱ्यानं गारठ्यात आपल्याले फसवलं असतं."

उन्हाळ्यात मी चार दिवस शेतावर राहायला गेलो. उलंगवाडी झाली होती. कापूस संपून पऱ्हाट्यासुद्धा उपटून नेल्या होत्या. काळं रान उघडं पडलं होतं. उजाडताना सासूबाई काठी टेकत पंपापाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

"आई, वावरात तर काहीच नाही. पाणी कोणाला?"

"मले दिसत नाई का." त्या जरा वेळ थांबल्या, मग बटण बंद केलं. "फोनवर रेघ पाह्यल्याशिवाय मोठे जवाई अंथरुनातून उठत नाईत. सुमन होती तवा थे उठवे. आता एकट्या मानसानं कोनासाठी उठाव? मी बटन दाबतो, मंग थे चहा मांडतात."

सूर्य वर येत होता आणि पॅनलं चमकायला लागली होती.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "माह्यं त्याईले दिसते. त्याईचं मले काईच दिसत नाई. असं एखांदं यंत्र त्याईच्या चहाच्या गॅसले लावता येते का?"

"विचारतो," मी म्हटलं.

"विचारा. पन आंधी तुमच्या फ्रीजमंदी ठेवून पाहा, मंगच लावा."