तपासले, पुढे जाऊ द्यावे

किसनभाऊ गेडामांच्या हाती लग्नपत्रिका दिली, तर ते आधी ती उलटी करून पाहतात. मागे शिक्का नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडतो. जंगल खात्याच्या नाक्यावर त्यांनी उभा जन्म सागवानाचे ट्रक अडवले. निवृत्त होऊन गोंडपिपरीला आले आणि अडवायला आम्ही शेजारी उरलो. विजेचं बिल असो, माझ्या मुलाची गुणपत्रिका असो, "ठसा कुठी हाय?" हा प्रश्न ठरलेला. समाधान झालं की कोपऱ्यात लाल शाईनं 'तपासले' आणि खाली सही. माझ्या घरात त्यांची सही नसलेला कागद सापडणं कठीण आहे.

त्यांची एकुलती एक पल्लवी नर्स. दुबईच्या दवाखान्यात तिचं एका पोर्तुगीज पोराशी जुळलं, चंद्रपूरला नोंदणी पद्धतीनं लग्न झालं, त्याला बेल्जियममध्ये नोकरी लागली आणि तीही त्याच्यासोबत तिकडे गेली. तिथला नियम असा, की नवरा युरोपातल्याच दुसऱ्या देशाचा असून तिथे काम करत असेल, तर त्या जोरावर बायकोला राहण्याचं कार्ड मिळतं. पासपोर्ट, नवऱ्याच्या नोकरीचा कागद, घराचा पत्ता आणि लग्नाचा मूळ दाखला, त्यावर आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांत सगळं जमा झालं पाहिजे.

किसनभाऊंना हे माझ्याआधी समजलं. "म्हंजे वाहतूक परवानाच न, मास्तर! माल कोनाचा, कुठून निंगाला, कुठी चालला."

मग व्हिडिओ कॉलवर जावयाची झडती झाली. तो बिचारा कामावरून थकून आलेला, नोकरीचा कागद कॅमेऱ्यापुढे धरून उभा. "मागची बाजू दाखवा, जावईबापू!" भाषांतर करता करता पल्लवी रडकुंडीला आली.

दाखला आधी मुंबईला मंत्रालयात तपासून, मग दिल्लीहून शिक्का होऊन आला. भाऊ स्वतः एसटीनं चंद्रपूरला जाऊन कुरिअर करून आले. पंधरा दिवसांनी पल्लवीचा फोन. मी तिथेच बसलो होतो.

"बाबा, दाखल्यावर तुमी काय लिवलं?"

दिल्लीच्या शिक्क्याला अगदी खेटून लाल शाईत होतं: 'तपासले. पुढे जाऊ द्यावे. कि. गेडाम.' तिथल्या कचेरीतल्या बाईनं कागद बाजूला सारला. मूळ दाखल्यावर असलं लिखाण चालत नाही, नवा आणा. मुदतीचे पाच आठवडे उरले होते.

मी भडकलो. "भाऊ, अक्कल गहाण ठेवली होती का?"

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "मी लिहून सोडलेली गाडी समोरच्या नाक्यावर कोनी अडवे नाई, मास्तर. मले वाटलं, पोरीलेही कोनी अडवनार नाई."

मी नव्या दाखल्याचा अर्ज लिहायला घेतला.

ते पाच आठवडे आम्ही दोघांनी कसे काढले, आमचं आम्हाला ठाऊक. पुन्हा चंद्रपूर, पुन्हा मुंबई, पुन्हा दिल्ली. भाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं. सकाळ झाली की माझ्या दारात. "नाई भेटलं त हाकलतीन का तिले?" मी ठणकावून नाही म्हणायचो, आणि मला काडीचंही माहीत नसायचं. नवा दाखला आला तेव्हा त्यांनी हात मागे बांधले. "तुमीच पाकिटात टाका. माया हाताचा भरोसा नाई." मुदतीला चार दिवस असताना तो पोहोचला. पुढे निकालाची वाट पाहण्यात महिने गेले, ते वेगळेच.

परवा कार्ड आलं. पल्लवीनं फोनवर दाखवलं, जावईही मागून हात हलवत होता. भाऊ हसले, खूप हसले, "पाच वर्साचं हाय!" म्हणून त्यांनी गल्लीभर सांगितलं आणि सगळ्यांना जिलेबी वाटली. लोक गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"रोज देवापाशी कार्डच मांगलं, मास्तर."

"म्हणून तर मिळालं, भाऊ."

"हौ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक दिवस नाई मांगलं. वाटलं, नाई भेटलं त घरी येईन पोरगी. एकच दिवस. तिले सांगू नका."