कौसल्येचा ताप

आमच्या आळीत रोज सकाळी नळावर एका मुलीच्या तब्येतीची चौकशी होत असे, आणि ती मुलगी कोणीच पाहिलेली नव्हती. ती देवमनकाकांच्या कादंबरीत होती. नाव कौसल्या. सातव्या प्रकरणात तिला ताप भरला, तो मी कॉलेजसाठी अमरावतीला येऊन काकांच्या घरी भाड्यानं राहू लागलो त्याच्याही आधीपासून उतरत नव्हता.

"काय म्हणते पोरगी?" शेजारच्या शांताबाई घागर लावता लावता विचारायच्या.

"पडून आहे," काका म्हणायचे.

"अजून? गुळवेलाचा काढा तरी द्या तिले!"

काकांनी खरंच दिला. चार ओळी वाढल्या. ताप तिथंच.

काका कापूसबाजारात एका अडत्याकडे मुनीम होते. संध्याकाळी टोपीवर रुई घेऊन दमून यायचे, एकट्यापुरतं रांधायचे आणि ओट्यावर लिहायला बसायचे. बसायचे म्हणजे बहुतेक दौतीकडे पाहत राहायचे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळाही पाहिलेली नव्हती. कादंबरी कशी लिहितात हे मला कुठून ठाऊक असणार? एकदा भीत भीत विचारलं, "काका, आधी सारं ठरवून काहून नाही लिवत?"

"कापसाचा भाव ठरवून निघते का, बापू? मंग माणूस कसा निघन? आपण बसून राहाचं. जबरदस्ती नाही कराची."

सहामाही परीक्षा जवळ आली होती. मीही कंटाळलो होतो. बोलून गेलो, "मंग मारून टाका तिले. कादंबरीत मरतात लोक."

काकांनी टाक खाली ठेवला. "ते मले एका बैठकीत लिवता येते," ते म्हणाले. "म्हणूनच लिवत नाही."

मला काही समजलं नाही. लेखकांचं असंच असेल, असं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मी तापानं पडलो. काकांनी ऐन हंगामात रजा काढली. कपाळावर घड्या ठेवल्या, पेज पाजली. "आता दोन-दोन बिमार झाले तुमच्याकडं!" शांताबाई दारातून म्हणाल्या. काका हसले नाहीत.

एका सकाळी घाम फुटून जाग आली. काका उशाशी बसलेले.

"काका, भूक लागून राहिली. आंबाडीची भाजी अन् भाकर भेटन का?"

ते पाहतच राहिले. "आणखी काय वाटून राहिलं?"

"अंग हलकं वाटते. उजेड लय मोठा दिसते."

"आणखी?"

"मायची आठवण येऊन राहिली."

"हे मले माहीत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "आमची मंडळी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तापात गेली. ताप चढते कसा, ते सारं पाह्यलं. उतरताना कधी पाह्यलाच नाही."

ते उठून नळावर गेले. मी पांघरुणातून ऐकत होतो.

"काय म्हणते पोरगी?" शांताबाईंनी सवयीनं विचारलं.

"भाकर मागतली तिनं. थोडी आंबाडीची भाजी भेटन का, वहिनी?"

थोड्या वेळानं शांताबाईंनी दोन वाट्या आणल्या. "एक या पोराची," म्हणाल्या, आणि दुसरी न बोलता ठेवून गेल्या.

ती काकांनी दौतीशेजारी झाकून ठेवली.